बिल्ला, पक्कड आणि शिवडा

माझी दहाही बोटं अजून शाबूत आहेत. याचं श्रेय आई देवाला द्यायची, बायको माझ्या भित्र्या स्वभावाला देते आणि मी स्वतः ते एका अशा माणसाला देतो, ज्याने दोन वर्षांत मला एकदाही शाबासकी दिली नाही.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी तेव्हा ट्रेसर होतो. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पातळ मेणकापड ठेवायचं आणि शाईने तेच गिरवायचं, एवढंच माझं काम. शाळेत ज्या उद्योगाबद्दल मास्तरांनी मला बाकावर उभं केलं होतं, त्याच उद्योगाचा आता पगार मिळत होता. राहायला बदलापूरला एक खोली घेतली होती. पोट बोटांवर चालत असल्यामुळे मी बोटांना फार जपायचो. विळीवर कांदासुद्धा चिरत नसे, फोडून खायचो.

मामा टूलरूमच्या खिडकीत बसत. त्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटाला माहीत होतं. मूळचे मोरिवलीचे. कारखाना ज्या जमिनीवर उभा राहिला, त्यातला एक तुकडा त्यांच्या घरचा होता म्हणत. त्यामुळे असेल, पण मामा कारखान्यात नोकरीला आल्यासारखे वागतच नसत. कारखाना त्यांच्याकडे राहायला आलाय आणि अजून भाड्याचं काही बोलला नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर कायम असे.

टूलरूमची रीत साधी होती. प्रत्येक कामगाराजवळ आपल्या नंबराचे पितळी बिल्ले. हत्यार हवं असलं की बिल्ला खिडकीत ठेवायचा. मामा तो हत्याराच्या खिळ्याला अडकवणार, हत्यार उलटंसुलटं करून तपासणार आणि मग देणार. हत्यार परत आलं की बिल्ला परत. कुठल्या कारखान्यात ही रीत नसते? पण इतर ठिकाणी माणसं रीत चालवतात, इथे रीत मामांना चालवायची. खिडकीत हात दिसला की ते विचारत, "बिल्ला?" एवढाच त्यांचा दिवसभराचा संवाद. फोरमन म्हणाला, "मामा, आई आजारी आहे, लवकर द्या." मामा म्हणाले, "वाईट झालं. बिल्ला?"

त्यांच्या मुलीच्या लग्नाला आम्ही मोरिवलीला गेलो होतो. ऐन पंगतीच्या वेळी आचाऱ्याने झारा मागितला. मामांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "बिल्ला?" आचारी बाहेरगावचा होता. त्याला वाटलं, इथली काहीतरी पद्धत असेल. त्याने कमरेची पानाची चंची काढून दिली. पंगत उठेपर्यंत ती चंची मांडवाच्या खांबाला, झाऱ्याच्या खिळ्यावर लटकत होती आणि आचारी पानावाचून कासावीस झाला होता.

असा हा माणूस रविवारी काय करत असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. एका रविवारी बदलापूरच्या नदीवर फिरायला गेलो तर काठावरच्या एका बाभळीला खिळे ठोकलेले दिसले. त्यातल्या एका खिळ्याला लांब चोचीची एक पक्कड टांगली होती. झाडाखाली मामांची सायकल होती आणि पाण्याच्या कडेला, गळाची दोरी बोटाला गुंडाळून, खुद्द मामा बसले होते.

मी जवळ गेलो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "ट्रेसर ना तू? हात दाखव."

मी दोन्ही हात दाखवले. त्यांनी ते उलटेसुलटे करून पाहिले. छिन्नी तपासतात अगदी तसेच.

"बरे हायत. शिकाचं हाय?"

"काय?"

"शिवड्याच्या तोंडातून गळ काडाचा."

शिवडा हा आमच्या नदीतला गुंड. लांबलचक, बिनखवल्यांचा, मिशाळ मासा. डोळे वाटाण्याएवढे, पण तोंड उघडलं की आत मागे वळलेल्या बारीक दातांच्या रांगाच रांगा. त्याला पकडणं मुळीच कठीण नाही, अधाशी आहे तो. कठीण आहे ते पुढचं. गळ त्याच्या जबड्यात आणि दोरी तुमच्या हातात, अशा वेळी कुणी कुणाला पकडलंय हे सांगणं अवघड जातं. गावातल्या निम्म्या मासेमारांच्या बोटांवर शिवड्याची सही होती. मामांची बोटं मात्र कोरी होती. मला मासे पकडण्यात काडीचाही रस नव्हता, पण मामा आपणहून दोन वाक्यं बोलले होते. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या रविवारी सायकलच्या कॅरियरवरून त्यांनी एक फडकं गुंडाळलेली वस्तू काढली. लाकडी शिवडा! कारखान्यातल्या सुताराकडून खास करवून घेतलेलं मुंडकं होतं ते. जबड्याला मागे बिजागरी, आत स्प्रिंग आणि दातांच्या जागी करवतीच्या पात्यांचे तुकडे बसवलेले. जबडा उघडा धरला नाही तर फटकन मिटत असे. त्यात गळ रुतवायचा आणि ओरखडा न येता पकडीने काढायचा. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून.

"पाच डाव ओरखडा नाय, म्हंजे बिल्ला," मामा म्हणाले.

हो, इथेही बिल्ला होताच. तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा, खिळ्याने टोचून नंबर घातलेला. बाभळीखाली पक्कड एकच. ती ज्याने घेतली त्याचा बिल्ला खिळ्यावर. मला हे हास्यास्पद वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"मासा हाताला लोंबकलत असला नि पक्कड कुनाकडं हाय ते ठावं नसलं, मंग हास," मामा म्हणाले.

माझ्याबरोबर आणखी एक विद्यार्थी होते. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातले सिंधी शेटजी. तिथल्या बराकीत त्यांची बिस्किटांची भट्टी होती. शेटजींचं वजन दोन माणसांचं आणि जीभ चार माणसांची. "वडी साईं, अमारे सिंध में मच्छी ऐसी होती थी के खुद टोपली में आके बैठती थी," असं ते सांगत आणि मग लाकडी शिवड्याकडून बोट चावून घेत. त्यांची आणखी एक अडचण होती. त्यांचा देव झूलेलाल माशावर बसून येतो, त्यामुळे प्रत्येक माशाला हात लावण्याआधी ते त्याची माफी मागत. माफी लांबलचक असे. ती संपेपर्यंत मासा सटकलेला असे. मामा म्हणत, "शेट, माफी आदी गलाला आमिस लावताना मागा, म्हंजे येल वाचल."

मला पत्र्याचा बिल्ला मिळायला सात रविवार लागले. शेटजींना अकरा. त्या काळात मामा जेवढं बोलले तेवढं कारखान्यात वर्षभरात बोलले नसतील. आधी हात ओले कर. कोरड्या हाताने धरला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा निघतो, मग त्याला दुखणं लागतं. काठावरच्या दगडांवर टाकू नकोस, गोणपाट भिजवून त्यावर ठेव. पोट दाबू नकोस. कल्ल्याच्या झाकणाखालून बोट घाल, पण आतल्या लाल पिसांना लावू नकोस, त्यातून तो श्वास घेतो. जबडा आपोआप उघडेल. गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे आण. तोंडात हात घालायचा नाही. कधीही नाही. आणि घातलाच गेला तर ओढायचा नाही, कारण दात आत वळलेले असतात.

"एवढं माशासाठी?" मी एकदा विचारलं.

"ल्हान असला तं परत सोडाचा ना! तुज्याकडून त्याला अपघात का म्हून व्हावा?"

वीतभरापेक्षा लहान मासा मामा परत सोडत. मोठे मासे घरी नेत आणि मनसोक्त खात. त्यात त्यांना काहीच विसंगत वाटत नसे. खाणं वेगळं आणि इजा करणं वेगळं.

सगळं असं छान चाललं असताना कारखान्यात नवे वर्क्स मॅनेजर आले. मराठीच होते, पण विलायतेहून शिकून आलेले. हुशार, तडफदार आणि सगळं आताच्या आता हवं असणारे. एका गुरुवारी एक मशीन अडलं होतं, साहेब स्वतः टूलरूमच्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "ती छिन्नी द्या."

"बिल्ला?"

"मी वर्क्स मॅनेजर आहे."

"व्हय साहेब. बिल्ला?"

मागे सोळा-सतरा कामगार उभे होते. त्यांतल्या एकाला हसू आवरलं नाही, आणि सगळं तिथेच बिघडलं. शनिवारी मामांच्या हातात कागद पडला. वरिष्ठांना हत्यार देण्यास नकार दिल्याबद्दल सोमवारी दहा वाजेपर्यंत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपली बदली भंगार यार्डात करण्यात येईल.

भंगार यार्ड गेटाबाहेर होतं. तिथे तुटकी हत्यारं गंजायला टाकत. पगार तोच राहिला असता, पण मामांना तिथे पाठवणं म्हणजे त्यांना जिवंतपणी निकालात काढणं होतं. शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी टूलरूममधलं एकूण एक हत्यार पुसून तेल लावून ठेवलं, घर सोडून जाणारा माणूस भांडी घासून ठेवतो तसं. ते बघून मी काहीतरी करायचं ठरवलं. आणि भित्रा माणूस काही करायचं ठरवतो तेव्हा तो हमखास आगाऊपणा करतो.

साहेबांच्या केबिनमध्ये कोपऱ्यात एक झकपक गळाची काठी उभी असे, चाकाची. मी शनिवारीच आत जाऊन म्हणालो, "साहेब, उद्या बदलापूरला नदीवर याल का? शिवडा मिळतो. दातवाला असतो."

साहेबांचे डोळे चमकले. "दातवाला? विलायतेत आम्ही पाईक नावाचा मासा धरायचो. त्यालाही दात असतात. येतो."

मामा तिथे असतील हे मी सांगितलं नाही. माझा हिशेब असा, की दोघं एका झाडाखाली बसतील, मासे पकडतील, चिवडा खातील आणि सोमवारपर्यंत विरघळतील.

रविवारी दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. शेटजी तेवढ्यात "आओ साईं, बिस्कुट खाओ" म्हणाले म्हणून मी वाचलो. साहेब सभ्य होते, काठी जोडू लागले. मामांनी फडक्यातून लाकडी शिवडा काढून त्यांच्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"नव्या मान्साला आदी ह्यो. पाच डाव."

साहेब मोकळेपणाने हसले. "मला गरज नाही हो. मी वीस-वीस पौंडांचे पाईक काढलेत."

"मंग बिल्ला नाय," मामा म्हणाले आणि आपल्या दोरीशी जाऊन बसले. मी मनातल्या मनात भंगार यार्डाला हात जोडले.

साहेबांचा गळ आमच्यासारखा साधा नव्हता, तीन तोंडांचा होता. मामांनी तो लांबूनच पाहिला आणि तोंड वाकडं केलं. पण तासाभरात साहेबांच्या काठीने कमान घेतली, आणि जो मासा वर आला तसा आमच्यापैकी कुणालाच कधी लागला नव्हता. माझ्या हातापेक्षा लांब. साहेबांनी आनंदाच्या भरात तो थेट दगडांवर ओढला. "गोनपाट! गोनपाट भिजवा!" मामा ओरडत होते.

"बघा, असा उचलायचा," साहेब म्हणाले आणि त्यांनी वाकून माशाच्या डोळ्यांकडे बोटं नेली. पाईकला म्हणे डोळ्यांच्या खोबणीत बोटं रोवून उचलत. पाईकला खोबणी असतील. शिवड्याला नाहीत. साहेबांची बोटं त्या गुळगुळीत डोक्यावरून घसरली, माशाने उसळी मारली आणि क्षणात साहेबांची चार बोटं जबड्यात होती. वर त्या तीन तोंडी गळाचं एक तोंड माशाच्या जबड्यात आणि दुसरं साहेबांच्या शर्टाच्या बाहीत. मासा साहेबांना बांधला गेला आणि साहेब माशाला.

"पक्कड!" साहेब किंचाळले. "पक्कड द्या!"

मामा बाभळीशी उभे होते. पक्कड त्यांच्या हाताशी होती. आणि खोटं सांगत नाही, मामांच्या तोंडून निघालं, "बिल्ला?"

शेटजींनी "झूलेलाल!" म्हणून डोळेच मिटले. मी खिशातून माझा पत्रा काढून फेकला. "मामा, माझा घ्या!"

मामांनी तो झेलला, नंबर बघितला, खिळ्याला अडकवला आणि पक्कड माझ्या हातात दिली. "हत्यार तुज्या नावावर. म्हंजे काडनार तू." आणि दुसऱ्याच क्षणी ते साहेबांशेजारी गुडघ्यावर बसले होते. "साहेब, वडू नका. वडलात का सालटं गेलं."

त्यांनी आपला उजवा हात ओला केला आणि सरळ माशाच्या जबड्यात घातला. कधीही घालायचा नाही म्हणून ज्याबद्दल त्यांनी मला सात रविवार बजावलं होतं, तो. साहेबांच्या बोटांच्या वर आपली बोटं घालून त्यांनी जबडा पेलून धरला.

"अहो, हात काय घालताय! पक्कड तुम्हीच घ्या ना!" त्याही स्थितीत साहेब ओरडले.

"पक्कड बिल्ल्यावर मिलते, साहेब. हात माजा हाय. त्याला बिल्ला लागत नाय."

मग मला म्हणाले, "डोलं मीट वाटलं तं. लाकडी हाय समज."

मी डोळे मिटले नाहीत, पण लाकडी आहे असं समजलो. कल्ल्याखालून पक्कड घातली, गळाची दांडी धरली, आला त्या वाटेने मागे फिरवला. गळ सुटला. साहेबांचा हात बाहेर आला. दोन ओरखडे आणि एक फाटकी बाही, बाकी काही नाही.

मामांचा हात मात्र आतच होता. जबडा आता पूर्ण त्यांच्यावर मिटला होता. ते तसेच उठले, माशाला दुसऱ्या हाताने पोटाखालून आधार दिला आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक पडला होता. "बग ट्रेसर," ते दात आवळून म्हणाले, "वडाचा नाय. त्यो आपनच उगडतो." पाणी लाल होत होतं. शेवटी माशाने तोंड उघडलं, शेपटी हलवली आणि निघून गेला. एवढा मोठा मासा हातचा गेला म्हणून शेटजी हळहळलेही नाहीत. त्यांनी आपलं धोतर टरकावलं आणि मामांचा हात बांधला. चारही बोटं पार सोलली होती.

सोमवारी सकाळी मी टूलरूमच्या खिडकीशी गेलो. मामांना लिहिता येणं शक्य नव्हतं. त्यांनी खुलासा सांगितला आणि मी लिहून घेतला. तीन ओळी. गुरुवारी साहेबांनी छिन्नी मागितली. तिचं डोकं ठोकून ठोकून फुललं होतं, घासायचं बाकी होतं, तशी वापरली तर तुकडा उडून डोळ्यात जातो. बिल्ला नव्हता म्हणून दिली नाही.

मी थक्क झालो. "मामा, छिन्नी खराब होती हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"बिल्ला असता तं छिन्नी तपासून सांगतलं असतं. बिल्लाच नाय, तं बोलनं कशाला वाडवाचं?"

मी कपाळाला हात लावला आणि त्यांच्या नकळत चौथी ओळ लिहिली. काल रविवारी याच साहेबांचा हात वाचवताना माझ्या उजव्या हाताला गंभीर इजा झाली असून सहानुभूतीने विचार व्हावा. मग सगळं वाचून दाखवलं, अर्थात चौथी ओळ वगळून. मामांनी कागद खिडकीतून आत ओढला.

"तीन सांगतल्या. ह्या चार हायत. चवथी कंची?"

मला वाचावी लागली.

"खोड."

"मामा, भंगारात पाठवतील तुम्हाला!"

"पाठवू दे. काल हात वाचवला तो हात होता म्हून. साहेबाचा होता म्हून नाय. खोड."

मी खोडली. तसाच कागद घेऊन वर गेलो. साहेबांच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. त्यांनी तीन ओळी वाचल्या, छिन्नीपाशी थांबले, पुन्हा वाचल्या. मग कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि खोडलेली ओळही वाचली.

"ही कुणी लिहिली?"

"मी, साहेब."

"आणि खोडली?"

"मामांनी खोडायला लावली."

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "खोडाखोड असलेला कागद फायलीत जात नाही. स्वच्छ नक्कल काढा. जेवढं त्यांनी सांगितलं, तेवढंच."

मी तिथेच बसून नक्कल काढली. साहेबांनी खाली लिहिलं, 'खुलासा मान्य', आणि सही केली. मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत उतरलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचं मला भान नव्हतं. खिडकीसमोर रांग होती, ती मी मोडली.

"मामा, मान्य झाला! सही झाली! तुम्ही इथेच!"

मामा डाव्या हाताने कानस पुसत होते. त्यांनी ती खाली ठेवली.

"कागदावर किती वली व्हत्या?"

"तीन."

"मंग बरोबर," मामा म्हणाले आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघून त्यांनी डावा हात पुढे केला.